कारंज्याचा माळ

विदर्भातील जैन कुटुंबांना कारंजा लाड हे नाव नवे नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे एकाच गावात आहेत; भट्टारकांच्या गाद्या येथे होत्या; हस्तलिखितांची भांडारे येथे आहेत; आणि १९१८ साली ब्रह्मचारी देवचंद, म्हणजे पुढे समंतभद्र महाराज, यांनी स्थापन केलेले महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुलही येथलेच. नागपूरहून निघालेली मंडळी दर्शन घेतात, गुरुकुलात डोकावतात, आणि बहुधा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांकडे वळतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर हा प्रवास दोन-अडीच तासांवर आला आहे. मुलांनी काचेतून पाहत विचारले, की बाहेर काय आहे, तर उत्तर ठरलेले असते: काही नाही, माळ आहे.

या माळाचाच एक तुकडा कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य म्हणून २००० साली राखीव झाला. क्षेत्र अवघे १८.३२ चौरस किलोमीटर. ताडोबा किंवा मेळघाट पाहिलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. येथे वाघ नाही, उंच सागवान नाही, जिप्सींची रांग नाही. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला काटेपूर्णा अभयारण्य आहे. तेथे साग आहे, जलाशय आहे, सावली आहे, त्यामुळे सहली तिकडे जातात. जंगल म्हटले की आपल्या मनात झाडे उभी राहतात. ज्या रानात झाडे विरळ आणि गवत दाट, त्याला रान म्हणायलाही आपण कचरतो.

मार्गशीर्षात आम्ही गेलो तेव्हा गवत वाळून सोनेरी झाले होते. जमीन समतल नाही. ती हलक्या उतारांनी वर-खाली होत जाते आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर पलीकडचा आणखी एक चढ दिसतो. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, अशी येथील रचना. मोठ्या झाडाची मुळे अशा जागी खोल जाऊ शकत नाहीत. गवताची मात्र जाळ्यासारखी पसरून ती वीतभर माती घट्ट धरून ठेवतात. मध्येच एखादी बोर, हिवर, बाभूळ. ओढ्याच्या खोलगटीत पळस आणि करंज. गवतातही जाती आहेत. गुरांना प्रिय असलेली मारवेल, पवन्या, आणि जिची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही अशी कुसळी. पायजम्यात, साडीच्या काठात, मोज्यांत ती शिरते आणि घरी पोहोचेपर्यंत सोबत करते. या कुसळाची करामत पाहण्यासारखी आहे. तिच्या बीजाला लांब पिळदार शेपटी असते. दव पडले की पीळ उलगडतो, ऊन तापले की पुन्हा आवळतो, आणि या फिरकीने बीज गिरमिटासारखे आपले आपण जमिनीत शिरते. ज्या गवताला आपण क्षुल्लकपणाची उपमा म्हणून वापरतो, त्याच्या एका काडीत एवढी व्यवस्था आहे.

काळवीट प्रथम दिसले ते दूरवर, ठिपक्यांसारखे. वनरक्षकाने हात वर करून थांबवले आणि आम्ही रस्त्यावरच उभे राहिलो. कळपात माद्या आणि पाडसे अधिक, रंगाने फिकट तपकिरी, वाळल्या गवतात मिसळून जाणाऱ्या. नर एकच, पाठीवर जवळजवळ काळा, पोटाशी पांढराशुभ्र, डोळ्याभोवती पांढरे कडे आणि पिळदार शिंगे. बोलण्यात आपण काळवीटाला हरिण म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला कुरंगवर्गात घालतात. चितळाची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात. काळवीटाची जन्मभर तीच राहतात. नर आपापली हद्द राखतात, ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग करून तिच्या सीमा जाहीर करतात, आणि त्या सीमेवरून त्यांचे तंटे होतात. भाऊबंदकीतील बांधाच्या वादांची आठवण व्हावी, असे हे दृश्य असते. भय वाटले की एक मादी उंच उडी घेते, तिच्यामागे दुसरी, आणि क्षणात सारा कळप उड्या घेत धावू लागतो. हा प्राणी ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने पळू शकतो. परंतु त्या वेगाला मोकळी जमीन हवी आणि दूरवर दिसायला हवे. त्याचे रक्षण लपण्यात नाही, पाहण्यात आहे. दाट झाडीत तो आंधळा आणि लंगडा, दोन्ही होतो.

रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांचे दर्शन नागपूरच्या प्रत्येक जैन घराने घेतलेले आहे. त्यांचे लांछन मृग. लांछनांचा विचार या माळावर थोडा पुढे नेला, तर एक गोष्ट लक्षात येते. ऋषभनाथांचा वृषभ, अजितनाथांचा गज, संभवनाथांचा अश्व, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा महिष, शांतिनाथांचा मृग आणि कुंथुनाथांचा बोकड: चोवीसांपैकी सात लांछने तृणचर प्राण्यांची आहेत. मंदिराच्या वेदीवर ती दगडात कोरलेली आपण रोज पाहतो. ते प्राणी जे खाऊन जगतात ते मात्र आपल्या नजरेतून निसटले आहे.

आणि व्यापारी म्हणून तर या गवताचे आपल्यावर जुने देणे आहे. कारंजा ही मध्ययुगापासून श्रीमंत पेठ. दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ या वेशींच्या नावांतच तिचे व्यापारी रस्ते दिसतात. १६७० साली मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या तेव्हा शिवाजी महाराजांनी हीच पेठ लुटली, ती तिच्या संपत्तीच्या ख्यातीमुळेच. पुढे कापसाने गावाला दुसरे वैभव दिले. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ साली कारंज्याला जो कापूस बाजार सुरू झाला, तो देशातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार मानला जातो. आजच्या बाजार समित्यांचा वंशवृक्ष तेथून निघतो. नंतर मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी आली, जिला लोकांनी शकुंतला हे लाडके नाव दिले. आता ती थांबली आहे. पण रुळांच्या आधी शेकडो वर्षे मालाची ने-आण होत होती ती कशावर? बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांवर. शेकडो बैलांचा तांडा मुक्कामाला उतरला की रात्रीचा चारा कोणत्याही वखारीतून येत नसे. तो वाटेवरच्या माळावर मोकळा चरत असे. आपल्या पूर्वजांच्या वहीत हुंडणावळ लिहिली गेली, दलाली लिहिली गेली, जकात लिहिली गेली. गवत फुकट होते म्हणून ते कोणत्याच रकान्यात आले नाही.

रकान्यात न येण्याचे परिणाम पुढे दिसले. महसुली दप्तरात अशी जमीन पडीक ठरली. वऱ्हाडात तिला ई-क्लास म्हणतात. पडीक म्हणजे वाया गेलेली, आणि वाया गेलेल्या वस्तूचा काहीतरी उपयोग करावा, हे कोणत्याही व्यवहारी माणसाला पटते. कोठे ती नांगराखाली आली, कोठे वसाहतीखाली, कोठे खडी-मुरमाच्या खाणीखाली. आणि कोठे तिच्यावर झाडे लावली गेली. या शेवटच्या गोष्टीविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण त्यात आपल्या समाजाचा वाटा आहे आणि तो शुद्ध भावनेचा आहे. दीक्षा, पारणे, पुण्यतिथी, पंचकल्याणक, कशाचेही निमित्त असो, आपली मंडळे वृक्षारोपण करतात. शासनानेही २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. झाड लावणे वाईट, असे कोण म्हणेल? पण माळावर लावलेले गिरिपुष्प किंवा सुबाभूळ जगले, तर त्याच्या सावलीत मारवेल जगत नाही. गवत गेले की काळवीट जातो, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जातात, मेंढपाळाची चराई जाते. झाड जगले नाही, तर खड्डे तेवढे राहतात. एका जिवाला आसरा देताना शंभरांचा आसरा मोडतो आणि मोडणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. शास्त्रात यासाठी शब्द आहे, प्रमाद. द्वेष नसतानाही जी हिंसा घडते, ती पुष्कळदा त्याच्या पोटी जन्म घेते.

ही चूक केवळ आपल्याकडची आहे असे नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे इंग्लंडात आहेत. त्यांच्याकडे गेलेल्यांनी दक्षिण किनाऱ्याजवळचे न्यू फॉरेस्ट पाहिले असेल. विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास ते शिकारीसाठी राखले. नावात जंगल असले, तरी त्याचा मोठा भाग उघडा माळ आहे, खुरट्या झुडपांचा, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास जांभळ्या फुलांनी भरणारा. मधूनमधून ओक आणि बीच वृक्षांची जुनी राई. तेथील रहिवाशांना घोडी आणि गुरे चारण्याचा पिढीजात हक्क आहे आणि त्या चराईमुळेच माळ माळ राहिला आहे. चराई थांबली की बर्च आणि पाइन पुढे सरकतात. अन्यत्र मात्र इंग्रजांनीही आपल्या माळांना पडीकच मानले. १८०० नंतरच्या दोन शतकांत तेथील सखल प्रदेशातील असे पाचांपैकी चार भाग माळ नाहीसे झाले, काही शेतीखाली, काही घरांखाली आणि काही मुद्दाम लावलेल्या पाइनखाली. आज तेच लोक कित्येक ठिकाणी ती पाइनची झाडे तोडून माळ परत आणत आहेत. उभे झाड तोडण्याची कल्पना आपल्याला पेलणार नाही, हे मी जाणतो. म्हणूनच चुकीच्या जागी ते मुळात न लावणे आपल्याला अधिक शोभेल. झाडांसाठी जागा कमी नाहीत. शाळांची आवारे, धर्मशाळांची अंगणे, नागपुरातील उन्हात भाजणारे रस्ते पडलेले आहेत. आणि ज्या पांजरपोळी व गोशाळांना आपण दरवर्षी चाऱ्यासाठी दान देतो, त्यांनी एखाद्या गावाच्या सहकार्याने एखादे गायरान राखले, तर चारा आणि माळ, दोन्ही राहतील.

माळावरचा सर्वांत दुर्मीळ जीव आम्हाला दिसला नाही आणि दिसण्याची वेळही ती नव्हती. तणमोर हा कोंबडीएवढा पक्षी पावसाळ्यात गवतात घरटे करतो. घरटे म्हणजे काय, तर जमिनीवरच एक खोलगट जागा, तीत तीन-चार अंडी. आषाढापासून नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, दिवसाला शेकडो, केवळ मादीला दिसावे म्हणून. या उडीनेच शिकाऱ्यांना त्याची जागा कळे. आज तो जगातील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. त्याचा थोरला नातलग माळढोक तर महाराष्ट्राच्या माळांवरून जवळजवळ गेलाच.

तणमोराच्या विणीचा काळ पाहिला आणि मन थबकले. आषाढ, श्रावण, भाद्रपद. हाच आपला चातुर्मास. पावसाळ्यात भूमी हिरव्या अंकुरांनी आणि सूक्ष्म जिवांनी भरून जाते, पाऊल टाकावे तेथे घात होतो, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात. एरवीही ते ईर्यासमिती पाळतात, चार हात पुढची भूमी पाहूनच पाऊल उचलतात. हा नियम आपण मुनींच्या आचाराचा म्हणून ऐकतो आणि आदराने बाजूला ठेवतो. माळावर उभे राहिल्यावर तो अक्षरशः कळतो. तेथे खरोखरच पावलाखाली अंडी असतात.

आणि हा नियम आज माळावर कोण पाळतो आहे? अकोला-वाशीम पट्ट्यातील फासेपारधी. ज्यांच्या नावातच फास आहे, ज्यांच्या कित्येक पिढ्या तित्तिर आणि लावे पकडून जगल्या, त्या समाजातील काही मंडळींनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या सोबतीने तणमोराची घरटी शोधून त्यांची राखण करण्याचे काम हाती घेतले आहे. पक्ष्याचा आवाज, त्याची उठण्याची वेळ, अंडी कोणत्या गवतात असतील, हे सारे ज्ञान शिकारीतून आलेले. ते आता उलट दिशेने वापरले जाते. त्यांच्याकडे भांडवल नाही, बहुतेकांकडे जमीन नाही. कसायाच्या हातून सुटलेल्या जनावरांसाठी आपण मोठी रक्कम सहज देतो. ज्याने स्वतःच्या हातातला फास बाजूला ठेवला, त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या जीवदया निधीत एखादा रकाना असावा, असे मला वाटते.

शेतकऱ्याची बाजू याहून अवघड आहे. अभयारण्याला कुंपण नाही आणि काळवीटाला सातबारा वाचता येत नाही. सोयाबीन कोवळे असताना कळप एका रात्रीत शेताचा तुकडा साफ करतो; पुढे हरभऱ्यावर येतो. जवळच्या शेतात भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले, की हंगामात रात्री जागलीला बसल्याशिवाय इलाज नसतो. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावता येत नाही, आणि लावावा असे या शेतकऱ्यालाही वाटत नव्हते. “देवाचं जनावर आहे, पण पेरणीचं कर्ज माझ्या नावावर आहे,” एवढेच तो म्हणाला. नुकसानभरपाईची तरतूद आहे. तिच्यासाठी पंचनामा, अर्ज आणि खेपा आहेत. गावात बसून अहिंसेवर बोलणाऱ्यांनी हे वाक्य ऐकून ठेवावे. काळवीट वाचवण्याची किंमत सध्या एकटा शेतकरी मोजतो आहे.

वाटेत एक जाळरेषा दिसली. वणवा सर्वत्र पसरू नये म्हणून वनखाते गवताचा एक पट्टा कापून व जाळून मोकळा ठेवते. सोबतच्या मुलांपैकी एकीने लगेच विचारले, की हे जाळणे हिंसा नाही का? प्रश्न योग्य होता. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृता’त श्रावकाने टाळावयाच्या पंधरा क्रूर व्यवसायांची यादी आहे. त्यात वन तोडून उपजीविका करणे आहे, तळी आटवणे आहे, आणि दवप्रद, म्हणजे गवताला वा रानाला आग लावणे, हेही आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी एका गृहस्थ पंडिताला माळ जळताना काय काय जळते याची पुरती जाणीव होती. मुलीला मी एवढेच सांगू शकलो, की माणसाने टाकलेल्या एका विडीच्या थोटकाने सारा माळ पेटतो म्हणून हा पट्टा आधी मोकळा करावा लागतो. वेळेवर गवत कापून नेले, तर जाळण्याचे कामही कमी होईल. तिचे समाधान झाले असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले नाही, आणि माझेही पूर्ण झालेले नाही.

दुपारी गावात परतलो. कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांनी गेल्या शतकात विद्वानांचे लक्ष वेधले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांनी, आणि ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित करून कारंज्याच्या ग्रंथमालेतूनच प्रसिद्ध केले. जसहरचरिउ म्हणजे राजा यशोधराची कथा. प्रत्यक्ष कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा करून त्याने बळी दिला, आणि त्या संकल्पापायी माय-लेकांना पशुयोनींत जन्मावर जन्म घ्यावे लागले. एकेका जन्मात ते दुसऱ्याच्या दृष्टीला पडतात ते निव्वळ जनावर म्हणून. ज्या गावाने ही कथा शतकानुशतके जपली, त्याच गावाच्या सीमेवर काळवीटांचा माळ उरला आहे, हा योगायोगच. पण कथा वाचून माळावर गेलेल्याला कळपाकडे पाहताना थोडे निराळे वाटते खरे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. कार्तिक पौर्णिमेनंतर माघापर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्याचे महिने माळावर न गेलेलेच बरे. आत जाण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि वनरक्षकाला सोबत घ्यावे. रस्ता सोडून गवतात उतरू नये. भडक कपडे, मोठा आवाज, गाडीचे भोंगे टाळावेत. मोजे जाड असावेत, ते कुसळीसाठी. काळवीट पाहायला पहाट किंवा सूर्यास्ताआधीचा तास चांगला. संध्याकाळची वेळ धरली, तर चौविहार पाळणाऱ्यांची पंचाईत होते. त्यांनी शिदोरी सोबत घेऊन, माळाच्या कडेला बोरीच्या झाडाखाली, ऊन असतानाच जेवून घ्यावे आणि मग कळपाची वाट पाहत बसावे. उष्टे-खरकटे आणि प्लास्टिक परत न्यायला एक पिशवी ठेवावी.